पणदऱ्याच्या आबांची कामं

५ जानेवारी २०२६, सोमवार
आजपासून मी नोकरीला. वही सुनेनं, प्रगतीनं आणून दिली. म्हणाली, आत्या, रोज चार ओळी लिहीत जावा, म्हणजे मोबाईलवर टाइप करताना अडायचं न्हाय. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून सही सोडून मी काय लिहिलेलं न्हाय. अक्षराला कोणी नावं ठेवू नयेत.

पंधरा वर्षं डाळिंबाच्या पॅकिंगला उभी राहिले. आता बसून काम. बारामतीला पाच दिवसांचा क्लास केला. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. आपण आपल्या घरी बसायचं आणि लांबच्या माणसाची कामं फोनवरनं उरकायची. मला वाटलं इंग्रजी लागंल. क्लासच्या मॅडम म्हणाल्या, तुमच्या तोंडाला जोर आहे, बागायतदारांना असंच माणूस लागतं. एक गोष्ट मात्र त्यांनी घोटून घेतली. मालकानं काम सांगितलं की आधी होय म्हणायचं, कसं करायचं ते मागनं बघायचं.

पहिलंच काम पणदऱ्याचं मिळालं. मालक दीपक, राहतो पुण्याला. वडील सर्जेराव आबा, त्यांचा गावाकडं ऊस आणि गाई. आबा फोन करून कामं सांगणार, मी माणसांना कळवायची. सकाळी सहाला फोन आला. खरखरीत आवाज, लांबण न्हाय. खालच्या पट्टीला पाणी, गाभण गाईला पेंड. मग विचारलं, करशील ना सगळं? मी म्हणलं, व्हय आबा, आता माझ्यावर सोडा.

प्रगतीनं चहात वेलदोडा टाकला. हितं आमच्या बावडा गावात खुर्चीत बसून पणदऱ्याचा ऊस भिजवला. लई बरं वाटलं.

८ जानेवारी
आबांचा वचक हाय. नुसतं नाव घेतलं की समोरचा गप. हुज्जत न्हाय, उद्या बघू न्हाय. कुंडलिक म्हणून त्यांचा जुना गडी हाय, त्यो 'हां' म्हणतो आणि फोन ठेवतो. डेअरीतल्या बाईला म्हणलं, आबांनी फॅट परत तपासायला सांगितलीय, तर बाई रडायलाच लागली. म्हणलं, रडतीस कशाला, दूध तपास.

दीपकचा फोन आला. काम कसं चाललंय ते विचारलं न्हाय. मला झोप लागते का, ते विचारलं. न लागायला काय झालं? त्यो म्हणाला, त्याला सोमवारपासनं मस्त लागतीय. आणि हसला. येडंच दिसतंय.

१४ जानेवारी
संक्रांत. वाण घ्यायला शेजारी जायची सवड न्हाय. सकाळपासनं एकोणीस फोन. ह्या म्हाताऱ्याला सण न्हाय, जेवण न्हाय. ताटावरनं तीनदा उठले. पॅकिंगला निदान दुपारी अर्धा तास सुट्टी असायची. प्रगतीला पाचवा महिना, तरी भाकऱ्या तीच थापती. मी नुसती 'व्हय आबा, व्हय आबा'.

१९ जानेवारी, सोमवार
माणसं फोन उचलायची बंद झाली. कुंडलिकचा तर बंदच. आज पाण्याची पाळी, आणि सांगायचं कोणाला? बाराच्या ठोक्याला खुर्चीतच डोळा लागला. उठले तर चार वाजलेले.

पोटऱ्यांपर्यंत चिखल, वाळून तडकलेला. हातांवर बारीक चिरा, उसाचं पात कापतं तशा. आमच्या घरात फरशी हाय, गल्लीत सिमेंट. प्रगती म्हणाली, तुमी जागच्या हलला न्हाईत, मी दोनदा येऊन बघून गेले.

फोन आला. आबा म्हणाले, पाणी चांगलं बसलं.

२३ जानेवारी
काम सोडते म्हणून तोंडावर सांगायला पणदऱ्याला गेले. घराला कुलूप. गोठ्यात कुंडलिक धार काढत होता. आबा कुठं विचारलं तर धार थांबवून त्यानं सांगितलं.

आबा दिवाळीनंतर गेलेत.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. घरचे नातवाचं लग्न करू म्हणाले, जमीन विकणार न्हाय म्हणाले, काय उपयोग झाला न्हाय. शेवटी दीपकनं हात जोडले आणि म्हणाला, आबा, तुमचं काम थांबू देणार न्हाय. कावळा लगेच खाली उतरला. दुसऱ्या दिवशी पहाटे दीपकचा फोन वाजला. दोन महिन्यांत दीपक वाळून गेला.

कुंडलिक म्हणाला, "मग त्याच्या जागी तुमी व्हय म्हणला. आता शब्द तुमचा."

सुटायचं कसं, ते विचारलं. दीपक सुटला तसंच, म्हणाला. दुसऱ्या कोणीतरी आपल्या तोंडानं व्हय म्हणायचं. बादली उचलून जाता जाता सांगितलं, सोमवारी दुपारी त्यानं मला खालच्या पट्टीत उसाला पाण्याची दारं धरताना बघितलं. हाक मारली. मी वर बघितलं न्हाय.

२७ जानेवारी
सिम मोडलं. फोन पाण्याच्या टाकीत टाकला. सकाळी सहाला उशाशी वाजत होता, कोरडा.

न्हाय म्हणलं. तोंड भरून म्हणलं. ते ऐकून घेतात आणि पुढचं काम सांगतात. दुपारी डोळा लागतो, काम झालेलं असतं.

आज म्हणाले, "सिंधू, तू दमलीस. घरात अजून कोण हाय?"

कोणी न्हाय म्हणलं.

"प्रगती हाय की."

३० जानेवारी
उभ्यानं झोप येती. झोपायचं न्हाय. नखांतली माती निघत न्हाय. भाकरीला शेणाचा वास — हात चार वेळा धुतले.

प्रगती म्हणाली, आत्या, दोन दिवस फोन माझ्याकडं द्या. तिच्या हातावर चापट मारली. लग्न होऊन आली तेव्हापासनं पहिल्यांदा. रडली. खरं सांगावं तर ती हसंल आणि उचलंल. तिला भुतंखेतं पटत न्हाईत.

पोटातलं पण तिच्याबरोबरच —

२ फेब्रुवारी
प्रगतीच्या मोबाईलवर क्लासच्या मॅडमचा फोन. उद्या नवी बॅच, चाळीस बायका. सिंधुताई, तुमचा अनुभव सांगायला या.

चाळीस. मला एकच पायजे.

पाप लागंल. लागू दे.

३ फेब्रुवारी, बारामती
मागच्या बाकावर. हात हलता ठेवायचा म्हणून लिहितेय, न्हायतर झोप —

मॅडम माझं कौतुक करतायत. शेजारी एक बाई, चाळिशीची. वही नवी, पहिल्या पानावर हळदीकुंकू. मला विचारती, मावशी, मला जमंल का वो? नवरा गेला, दोन पोरी हायत. मी म्हणलं, जमंल.

वाजतोय —

म्हणती, तुमी लई दमलेल्या दिसताय, आणा, मी बोलते. हात पुढं केलाय —

दिला.

कानाला लावला. ऐकतीय. मान हलवती. अजून बोलली न्हाय — अजून हिसकावता येतंय —

उठले तर प्रगती — न उठले तर ही — माझ्याकडं बघून हसली — तोंड उघ