बिनभोकाचा पापुद्रा

२ ऑगस्ट
आले एकदाची. खोली लहान आहे, पण कारखाना समोरच, चपला घालेपर्यंत पोचते. काम ग्राफीनचं. भट्टीत तांब्याचा पत्रा ठेवायचा, सोबत कार्बन असलेलं काहीही तापवायचं, की पत्र्यावर कार्बनचा पापुद्रा बसतो. एका अणूची जाडी, मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी. पोलादाहून चिवट, आणि डोळ्यांना जवळपास दिसतच नाही. मग तांबं विरघळवायचं, पापुद्रा पाण्यावर तरंगत राहतो. कारखान्याच्या मॅडम म्हणाल्या, महिनाभरात एक बिनभोकाचा काढून दाखव, नोकरी पक्की. नाहीतर घरी, बाबांचं 'सांगितलं होतं ना' ऐकायला.

५ ऑगस्ट
साखर घातली, बिस्किट घातलं. जाळीत भोकंच भोकं. भट्टीकाका (वीस वर्षं भट्टीपाशी, एवढ्या उकाड्यात फुल बाह्या) हसून म्हणाले, पोरी, भट्टी काय पाहुणी आहे तुझी, बिस्किटं चारतेस? झुरळ आण. आणलं. पाय तोडताना आतून पांढरं आलं, बोटाला चिकटलं. भोकं निम्मी झाली.

९ ऑगस्ट
आज बेसिनच्या जाळीतला केसांचा गुंता. बुळबुळीत, साबणाच्या मळीनं फुगलेला, ओढावा तसा येतच राहिला. दुपारी जेवणाचा डबा उघडलाच नाही. पण पापुद्रा अगदी स्वच्छ, भोकं दोन-चारच. त्या घाणीचा मागमूस नाही. मला त्याचीच जास्त किळस आली.

१३ ऑगस्ट
टाचेची सालं. माझीच. काका म्हणाले, मेलेलं नको, ओलं दे. अंगठ्यावर भाजल्याचा फोड होता, तो सोलला. एकही भोक नाही. मॅडम खूश, पण म्हणाल्या, नखाएवढ्याचं मी काय करू, तळहाताएवढा आण, मग पक्की. जेवढी साल, तेवढाच पापुद्रा.

१६ ऑगस्ट
काकांची बाही वर सरकली. दंडापर्यंत चौकोन. सरळ कडांचे, गुलाबी, चकचकीत. मी ओकायला पळाले. ते मागून शांतपणे सांगत होते, आधी बर्फ लाव, मांडीपासून सुरू कर, कुणाला दिसत नाही.
बाबांना फोन केला. परत येऊ का, म्हटलं. ते म्हणाले, चौदा दिवस टिकलीस? मी आठच धरले होते.
फोन ठेवला.

१८ ऑगस्ट
मांडी. चार बोटं रुंद. कड उचलली की पुढे आपोआप — नको. लिहायचं नाही.
भोक नाही. पक्की झाले.
नंतर भूक लागली. शी.

२० ऑगस्ट
आता पाटाएवढा हवाय. मॅडमनी पाठ फिरवायला सांगितलं, शिंप्यासारखा टेप लावला. म्हणाल्या, खांद्यात छान रुंद आहेस. मी लाजले. लाजले मी —

२१ ऑगस्ट
टेबलावर पालथी. हात मोकळे, म्हणून लिहितेय. पाठ बर्फानं बधिर. काका म्हणतायत हलू नको, पहिली कड सरळ सुटली की पुढे सगळं एका ओढीत —