डावीकडची खुर्ची

३ नोव्हेंबर, सोमवार

आज यांनी मारोतीला कामावरून काढलं. खरं नाव मार्को की असंच काहीतरी, कॉम्प्युटरवरच्या ट्रकच्या गेमनेच दिलेलं, पण यांच्या जिभेवर मारोतीच बसला. गुन्हा काय, तर माल पोचवून रिकामी गाडी परत आणतो. "डिझेल काय त्याच्या बापाचं आहे?" मी म्हटलं, अहो, डिझेल नाही, बाप नाही आणि मारोतीही नाही. रागावले. चहा गार होऊ दिला.

कंपनीचं नाव कुमुद रोडलाइन्स. माझंच नाव, मला न विचारता. निखिल ऑगस्टमध्ये पुण्याहून आला होता, तेव्हा हॉलमध्ये कॉम्प्युटर, खोटं स्टीअरिंग, पायाखाली पेडल असा सगळा संसार मांडून गेला. बाबांचं मन रमेल म्हणून. मन रमलंय खरं. ट्रक चालवायचे, ड्रायव्हर ठेवायचे, कोणाला कुठला माल द्यायचा ते ठरवायचं. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर एवढ्या वेळेवर अंघोळ केली नव्हती या माणसाने.

जुलैत मेंदूत गुठळी झाली त्यातून हात-पाय नीट परत आले, देवाची कृपा. पण डॉक्टर म्हणाले होते, नजरेची तपासणी झाल्याशिवाय गाडी चालवायची नाही. तपासणीचं नाव काढलं की यांना नेमकं कुठेतरी जायचं असतं.

आणि चटणी-कोशिंबीर रोज ताटात तशीच. मीठ कमी केल्यापासूनचा हा असहकार. तोंडाने बोलायचं नाही, पानात टाकून उठायचं. आज मीही बोलले नाही. बघू किती दिवस चालतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नागपूरहून वन्संचा फोन. ऋचाचं लग्न डिसेंबरात. यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "आम्ही गाडीनेच येऊन राहिलो ना बापा. मीच चालवीन."

फोन ठेवला आणि जुंपली. मी: ट्रेन आहे चांगली. हे: "ट्रेनने पाहुणे जातात. मी मामा आहे पोरीचा." गाडीची किल्ली जुलैपासून माझ्या पर्समध्ये असते. मागत नाहीत, पण मी पर्स उचलली की डोळे मागे येतात.

संध्याकाळी निखिल व्हिडिओ कॉलवर. "बाबा, प्लीज यार, पहले डॉक्टर को दिखा दो ना." हे म्हणाले, "डॉक्टर काय मला पास करून राहिला? जिंदगीभर मी गाड्या पास केल्या."

तेही खरंच. लष्कराचा नवा ट्रक फॅक्टरीतून बाहेर पडला की पहिल्यांदा रस्त्यावर हेच न्यायचे. कुठे जरा घासला की गाडी वापस. कोणाची चूक, कशामुळे, यावर चर्चा नाही. घरीही तीच शिस्त. निखिलचं प्रगतिपुस्तक असंच तपासायचे.

मग यांनीच काढलं. "टेस्ट घे माझी. गेममध्ये घे. जबलपूर ते नागपूर, शहरात जाऊन माल उतरवून. कुठे टच झाला तर किल्ली तुझ्या आईजवळ, कायमची. गाडी विकून टाक. नाही झाला तर मला कोणी अडवायचं नाही." निखिल हसला आणि हो म्हणाला. रविवार तेवीसला. तो तिकडून स्क्रीन बघणार.

मला कोणी विचारलं नाही. हे बोलतात तसं करतात, म्हणूनच भीती वाटते. पास झाले तरी, नापास झाले तरी.

९ नोव्हेंबर, रविवार

सराव. माझी खुर्ची यांच्या डावीकडे. ही पद्धत कधी सुरू झाली आठवत नाही, बहुतेक मी भाजी निवडायला तिथे बसायचे त्यातून. कोणीतरी हौशी पोराने आपल्या इकडच्या रस्त्यांचा नकाशा बनवलाय गेमसाठी. ढाबे, टोलनाका, रस्त्यावर बसलेल्या गायीसुद्धा. सिवनीच्या पुढे जंगल लागतं तिथे मी दरवेळी गप्प होते, खरंच गेल्यासारखं वाटतं.

वळण आलं की हे विचारतात, "हां?" मी बघून सांगते, "साफ आहे." किंवा "थांबा." आज दुपारभर एक ओरखडा नाही. हे खूश. "देखा? गाडी अजून हातात आहे." मलाही बरं वाटलं. इतक्या महिन्यांनी यांच्या शेजारी बसून कुठेतरी जाणं. मेथी निवडायची राहून गेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सिविल लाइन्सला बँकेत माझ्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले होते. मी जिवंत आहे हे पटवायला अर्धा दिवस. परत आले तर हे बाल्कनीत, गेम बंद. हे कधी होत नाही.

स्क्रीनवर गॅरेज उघडं होतं. ट्रक दुरुस्तीला. डावा आरसा नाही, डावा दरवाजा चेपलेला. मी म्हटलं, काय झालं? "काही नाही. कॉम्प्युटर स्लो चालून राहिला." दुसरी गाडी पाहिली. तीही डावीकडून.

उजवीकडे साधा डागही नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज मुद्दाम गप्प बसले.

खुर्ची तीच, मी तीच. पहिल्या वळणाला यांनी विचारलं, "हां?" मी शेंगा सोलत राहिले. यांना वाटलं साफ आहे. डावीकडे ऑटो होता, पिवळा-हिरवा, चांगला मोठा. सरळ त्याच्यावर घातली. लपलेला नव्हता, मागून आला नव्हता. तिथेच उभा होता.

हे माझ्यावर चिडले. "काहून बोलली नाहीस?"

मी म्हटलं, तुम्हाला दिसला नाही?

"डावी बाजू ड्रायव्हरची नसतेच कुमुद. फॅक्टरीत दुबे बसायचा ना डावीकडे. तो बोलायचा, मी चालवायचो. दोघं मिळून एक ड्रायव्हर होतो." पुढे म्हणाले, "आता असं कर. तू साफ म्हणशील तेव्हाच मी हलीन. नाही बोललीस तर उभा राहीन. ठीक?"

इतक्या सहज म्हणाले. लपवून नाही राहिले माझ्यापासून काही. यांना स्वतःलाच माहीत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जेवताना बघत बसले. भात, वरण, भाजी, पोळी संपली. चटणी, कोशिंबीर, लिंबू तसंच. पानात ते डावीकडे वाढतात. मी रोजच वाढते, आईने वाढलं तसं.

मी ताट अर्धं फिरवलं.

"अरे, चटणी केली होती का आज?" आणि मिटक्या मारत सगळी खाल्ली. कोशिंबीरही. म्हणाले, किती दिवसांनी केलीस.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. मला वाटत होतं रागावलेत. चार महिने मी एका माणसावर मिठावरून राग धरून बसले होते आणि त्याला अर्धं ताट दिसतच नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बोलले शेवटी. म्हटलं, तुम्हाला डावीकडचं कमी दिसतंय, डॉक्टरकडे चला. ताटाचंही सांगितलं.

"चष्मा नवा आहे. ताटात लक्ष नव्हतं माझं." मग म्हणाले, "आणि असं आहे ना, समज थोडं कमी दिसून राहिलं. गाडीत तू असशीलच ना डावीकडे? तू बोल, मी चालवतो. इतकी वर्षं तेच तर केलं."

खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं, का नाही? मी झोपणार नाही, सिवनीत चहा घेऊ, हळूहळू जाऊ.

दुपारी राइट टाउनला ऑटोने गेले आणि जाताना सगळा रस्ता फक्त डावीकडे बघितला. शाळेच्या मुली, पेरूची गाडी, मधेच दार उघडणारी कार, एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन, कुत्री, सायकल, परत मुली. मी मनातल्या मनात थांबा, साफ, थांबा म्हणत होते. मदन महलपर्यंत येईस्तोवर मी पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले होते. ऑटोवाला म्हणाला, "दीदी, तबीयत ठीक है?"

१८ नोव्हेंबर, मंगळवार

निखिलचा फोन. सांगणार होते. "अरे, बाबांना जरा..." इथपर्यंत आलेही. तो म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊ. शहरात घुसले की कुठेतरी टच होणारच. मग गाडी विकून टाकू, बात खतम."

बात खतम. तो वाईट नाही, दूर आहे म्हणून काळजी अशी बाहेर पडते. पण मी सांगितलं तर मुलाने बापाची गाडी काढून घेतली असं होईल, आणि हे मरेपर्यंत म्हणतील की मला सगळं दिसत होतं. ते त्यांना स्वतःला कळलं पाहिजे. कसं, ते मला माहीत नाही.

"काही नाही रे, बाबांना सर्दी झालीय," असं सांगितलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कंपनीचा कारभार नीट बघितला तेव्हा आणखी एक कळलं. शहरातली सगळी कामं यांनी नोकरांना वाटलीत. भाजीबाजार, गोदाम, गल्लीबोळ, सगळं त्यांच्याकडे. स्वतःकडे फक्त सरळ हायवे. मी म्हटलं, असं का? "मालकाने काय गल्लीत फिरायचं?"

मी म्हटलं, मग मालकच राहा ना. चालवू दे दुसऱ्यांना, तुम्ही धंदा बघा. खरोखरचा ड्रायव्हर ठेवू नागपूरला जायला, तुम्ही पुढे बसा, त्याला शिव्या घाला.

स्टीअरिंगवरचे हात तसेच. "मी मालक व्हायला नव्हतो निघालो, कुमुद."

मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला. दोन्ही एकदम.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या. मी साफ म्हणत गेले तर हे पास होतील. मग खरा रस्ता, खरी माणसं, आणि माझी एक डुलकी. गप्प बसले तर उभे राहतील आणि मला विचारतील, तेही मुलासमोर.

यांनी आज गाडी धुतली. खाली जाऊन, बादली घेऊन, गुणगुणत. धुतलेली दिसत होती फक्त उजवी बाजू.

२३ नोव्हेंबर, रविवार

अकराला बसले. पांढरा शर्ट घातला होता. निखिल फोनवर, फोन कॉम्प्युटरकडे तोंड करून टेबलावर. मी माझ्या खुर्चीत.

जबलपूर सोडेपर्यंत मी बोलत होते. साफ, साफ, थांबा, साफ. हळू आवाजात. निखिलला वाटलं असेल आई देवाचं काही म्हणते आहे. सिवनी, जंगल, टोल. सुंदर चालवतात, हे मान्य करावंच लागेल. निखिलही एकदा म्हणाला, "वाह बाबा."

नागपूरच्या आत गोदामाकडे डावं वळण. इंडिकेटर दिला. थांबले.

"हां?"

मी गप्प.

"कुमुद?"

मागून हॉर्न सुरू झाले. हे समोर बघत होते, हात स्टीअरिंगवर. निखिल म्हणाला, "बाबा, हँग झालं का?"

"नाही रे. आई बोलून नाही राहिली तुझी."

"आई काय बोलेल?"

मी म्हटलं, "अहो, तुम्ही बघा."

यांनी बघितलं. "साफ आहे."

"नक्की?"

पुन्हा बघितलं. मग काय वाटलं कोण जाणे, स्टीअरिंग सोडून खुर्चीतच डावीकडे वळले, अख्खे, खांद्यासकट, स्क्रीनची डावी कड यांच्या उजव्या बाजूला येईपर्यंत. ट्रकला अगदी खेटून एक लाल स्कूटी उभी होती. वर एक मुलगी.

बराच वेळ बघत राहिले.

"ही कधी आली?"

"होतीच," मी म्हटलं.

परत सरळ झाले, समोर बघितलं. परत वळले. पुन्हा सरळ. असं तीनचारदा. लहान मूल दिव्याचं बटन दाबून बघतं तसं. मग पेडलवरून पाय काढला आणि उठून बाल्कनीत गेले.

निखिल विचारत होता, "आई, क्या हुआ? टच तर नाही झालं ना? मग पास का फेल?" मी म्हटलं, नंतर बोलते, आणि फोन पालथा घातला.

तेव्हापासून बाहेर बसलेत, माझ्याकडे पाठ. जेवायला हाक मारली, "येतो" म्हणाले, आले नाहीत. गेम बंद केलेला नाही. ट्रक वळणावर उभा आहे, स्कूटी शेजारी, आणि डाव्या इंडिकेटरचं टिकटिक स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतंय. तो कुठून बंद करतात मला ठाऊक नाही, आणि जाऊन यांना विचारायची हिंमत होत नाहीये.