'सिरियस आहे' असा निरोप

बाबा,

आज लालबागला गेले होते. तुमच्या बूथच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. 'एसटीडी, आयएसडी, पीसीओ' लिहिलेला आपला पिवळा पत्रा त्या माणसाने उलटा करून त्यावरच माल मांडलाय. मी मुद्दाम वाकून पाहिलं, खालच्या बाजूला अक्षरं अजून शाबूत आहेत. त्याला म्हटलं, "इथे माझ्या वडिलांचा फोनचा बूथ होता." तो म्हणाला, "अच्छा? चार्जर दाखवू?" मला हसू आलं, मग वाईटही वाटलं. बाहेरचा लाल डबा, आत नाणं पडल्याचा आवाज, काचेच्या खोपटात घामाघूम होऊन गावाशी ओरडून बोलणारी माणसं, कशाचाच मागमूस नाही.

गिरणी बंद पडल्यावर तुम्ही बूथ घेतलात तेव्हा आई म्हणाली होती, "आता काय लोकांची बोलणी ऐकत बसणार?" तुम्ही कधीच ऐकली नाहीत. कोणी आत शिरलं की तुम्ही पाठ करून पेपर उघडायचात. पण चाळीतल्या कोणासाठी गावाहून फोन आला, की जिने चढून निरोप द्यायचात, तोही शब्द न शब्द. मी तेव्हा कॉलेजला होते. तुम्ही जेवायला गेलात की मी बसायचे. पहिल्याच दिवशी मला बजावलंत, "निरोप आला तसा द्यायचा. त्यात आपलं शहाणपण घालायचं नाही."

माझ्याकडे तेव्हा शहाणपण फार होतं. गावाहून "सिरियस आहे, निघून या" असा फोन आला, की माणूस गेलं, हे आपल्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फोनवर 'गेली' म्हणायची पद्धत नव्हती, प्रवासात माणूस खचेल म्हणून. तरी तुम्ही तो निरोप देताना 'सिरियस' एवढंच म्हणायचात, आणि ऐकणारा समजायचं ते समजून मटकन खाली बसायचा. आता व्हॉट्सअ‍ॅपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आधी येते आणि खरंखोटं मागाहून कळतं.

त्या दुपारी फोन तिसऱ्या माळ्यावरच्या काकांसाठी होता. शिवडीच्या गोदामात कामाला जाणारे, भजनात तुमच्या शेजारी बसून टाळ वाजवणारे काका. त्यांची आई गावाला. मी धावत वर गेले. काका दारातच उभे होते. "काय सांगितल्यानी गो?" मी मोठ्या बाईसारखा चेहरा करून म्हणाले, "काका, आई गेली."

गेलीच आहे म्हटल्यावर काकांनी घाई केली नाही. गावचे लोक मातीला थांबणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. अँटॉप हिलच्या भावाला रजा मिळेपर्यंत थांबले, दोघं दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीने निघाले. त्यांची आई त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिवंत होती. फोन आला त्याच संध्याकाळी निघाले असते तर भेट झाली असती.

परत आले तेव्हा डोकं भादरलेलं होतं. बूथसमोर उभे राहून म्हणाले, "माझी आवस जित्ती होती." मी तुमच्या मागे होते. तुम्ही मागे वळूनही न बघता म्हणालात, "पोरीक मीच तसा सांगूक लावलंय. चूक माझी." ते गेल्यावर मला विचारलंत, "तो माणूस नेमकं काय म्हणाला होता?" मी म्हणाले, "सिरियस आहे, एवढंच." तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, "मग तुझा तरी काय दोष." मला तुम्ही दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका त्यानंतर फोन करायला रस्ता ओलांडून पलीकडच्या बूथवर जायचे. तुम्हाला ते रोज दिसायचं. भजनालाही तुम्ही जाणं सोडलंत. तुम्ही गेलात तेव्हा त्यांनी खांदा दिला, पण आमच्याशी अवाक्षर न बोलता निघून गेले.

आज ते तिथेच भेटले, त्या कव्हरवाल्यापाशी. खूप थकलेत. मला ओळखलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पिवळ्या पत्र्याकडे बघत म्हणाले, "तुझो बापूस माणूस बरो होतो. पण तेना तेवढा करूक नको होता." त्यांनी नंबर दिला, "कधीतरी फोन कर गो." मी घेतला.

तुम्हाला जिने चढून जावं लागायचं. मला नुसतं बोट लावायचंय, मध्ये कोणी लागत नाही, आणि तासभर तो नंबर समोर घेऊन मी तुम्हालाच लिहीत बसलेय. कारण तुमच्याशीही मी खोटं बोलले होते. तो माणूस नुसतं 'सिरियस' म्हणाला नव्हता. "आवस तेचा नाव घेता, वाट बगता म्हणान सांग," असंही म्हणाला होता. मी नीट ऐकलं होतं. तेही समजुतीचंच बोलणं असेल असं मला वाटलं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी ते गाळलं.

तो निरोप आता तरी काकांना आला तसा द्यायला हवा. अजून फोन लावलेला नाही.