पूजा झालेली हार्ड डिस्क

गोडादरा, सुरत
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप चंचलआक्का,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. (ठेवून लगेच उचलते, कारण मानेचा पट्टा अजून निघालेला नाही.) अमळनेरला थंडी सुरू झाली का? डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही असं कळलं, म्हणून हे पत्र भुसावळच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी गिरवून घेतलेल्या मोठ्या, गोल अक्षरात लिहिते आहे. त्यामुळे पानं जास्त झाली तर दोष सिस्टरांचा. यापुढे 'इकडे सर्व ठीक' असं लिहायची पद्धत आहे. पण आक्का, ठीक नाही. गेला महिनाभर मी एकाच गोष्टीच्या मागे धावते आहे, आणि ती म्हणजे ह्यांचा लॅपटॉप.

तो तुम्हाला आठवत असेल. मिलच्या डिस्पॅच खात्यातून निवृत्त झाल्यावर तुमच्या भावाने हौसेने सेकंडहँड घेतला होता. घरात बारसं असो, साखरपुडा असो, हे मोबाइल धरून सगळ्यांच्या पुढे उभे, आणि संध्याकाळी ते सगळं लॅपटॉपमध्ये भरायचे. (मोबाइल मात्र दर दोन वर्षांनी एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळे.) परिणाम असा झाला, की आपल्या सगळ्यांचे चेहरे त्यात आहेत, ह्यांचाच नाही. ह्यांचा आहे तो फक्त आवाज. "नूतन, इकडं बघ. तोंड मिट. आता हस." (तोंड मिटून कसं हसायचं, हे सबंध संसारात कधी सांगितलं नाही.) आणि त्या आवाजाची दुसरी प्रत या जगात कुठेही नाही. तो लॅपटॉप नवरात्राच्या आधीपासून चालू केला की तापायचा आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडायचा. मी त्याला उपड्या परातीवर ठेवून बघितलं, टेबलफॅनसमोर ठेवून बघितलं, शाळेतल्या सवयीने 'प्लीज' म्हणूनही बघितलं. अमोलला कळवलं नाही. त्याचे घराचे हप्ते चालू आहेत, आणि कळवलं असतं तर त्याने बेंगळुरूहून सगळ्यात महागडी वस्तू पाठवली असती. शिवाय फोनवर "मम्मी, राइट क्लिक. राइट म्हणजे उजवं" हे ऐकावं लागलं असतं ते वेगळंच.

मग समजलं की मार्ग दोन आहेत. एक, बाहेरून लावायची तयार हार्ड डिस्क विकत घ्यायची आणि लॅपटॉप जागा आहे तोवर सगळं तिच्यात उतरवायचं. दुसरा, लॅपटॉपच्या पोटातली डिस्क काढायची, बाजारात तिच्या मापाची केसिंग म्हणून डबी मिळते तिच्यात बसवायची, वायर जोडायची, की झाली घरच्या घरी बाहेरची डिस्क. हा दुसरा मार्ग स्वस्त. पण लॅपटॉप उघडायचा ही कल्पनाच मला सोसेना. आत सगळं ह्यांचं आहे, आणि कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घालणार! म्हणून मी पहिला मार्ग धरला. आमच्या शेजारच्या उषाबाई (साड्यांना घरी स्टोन चिकटवतात त्या, पारोळ्याकडच्या) म्हणाल्या की चौकात एका टेबलावर डिस्का लागल्या आहेत आणि साडीपेक्षा स्वस्त आहेत. गेलो. डिस्क इतकी चकचकीत की तिच्यात माझा मानेचा पट्टा दिसला. टेबलवाला म्हणाला, "मौसी, सोलह टीबी. पूरा खानदान समा जाएगा." सोळा टीबी म्हणजे किती हे मला माहीत नव्हतं, पण खानदान म्हटल्यावर मी विरघळले. उषाबाई घासाघीस करायला पदर खोचत होत्या, तेवढ्यात मी "थँक यू" म्हणून पैसे देऊनसुद्धा टाकले. (सिस्टरांनी आम्हाला किंमत ऐकल्यावर काय म्हणायचं हे शिकवलंच नाही, नुसतं थँक यू शिकवलं.)

घरी आणल्यावर आपल्या घरात शिलाई मशीन आलं तेव्हा केलं, मिक्सर आला तेव्हा केलं, तेच केलं. पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, तेलात कुंकू कालवून स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या. मग लॅपटॉप परातीवर, पंखा समोर, आणि तो जागा असेल तेवढ्या वेळात थोडं थोडं भरत राहिले. दोन दिवसांत सगळं उतरलं. सगळ्यांची नावं डिस्कवर ओळीने दिसायला लागली. मी देवापुढे साखर ठेवली. नंतर एक व्हिडिओ उघडायला गेले तर उघडेना. दुसरा उघडेना. एकही उघडेना. नुसती नावं! उषाबाई धीर द्यायला म्हणाल्या, "नावं उनात ना ताई? मंग मानसंबी येतीन." आली नाहीत. डिस्क खोटी होती. आत नाव लिहिण्यापुरती जागा आणि बाहेर सोळा टीबीचा चकचकाट. मी ती घेऊन उषाबाईंबरोबर परत चौकात गेले. टेबलवाल्याने स्वस्तिक बघितलं, दोन्ही हात कानांना लावले आणि म्हणाला, "मौसी, पूजा किया हुआ माल वापस लूँ तो मुझे पाप लगेगा." आक्का, खोटा माल विकताना त्याला पाप लागलं नव्हतं! पण तो म्हणाला इतक्या श्रद्धेने! मी म्हणाले, "थँक यू." उषाबाई रस्ताभर माझ्यापुढे दहा पावलं चालत होत्या.

आता दुसऱ्या मार्गाशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण तोवर लॅपटॉप चालूच होईनासा झाला होता. भेस्तानला ललितभाई म्हणून एक दुरुस्तीवाले आहेत. रिक्षात लॅपटॉप मांडीवर धरून गेले, प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला "हळू" म्हणत. (खड्डे पुष्कळ. शेवटी तो म्हणाला, "आंटी, अंदर क्या अंडे हैं?") ललितभाईंनी खालचे स्क्रू काढायला घेतले. मी त्यांना एकदा थांबवलं. दुसऱ्यांदा थांबवल्यावर त्यांनी मला चहा मागवला, म्हणजे तोंड त्यात गुंतेल. आणि माझं लक्ष कपात असताना डिस्क काढलीसुद्धा. बिस्किटाच्या लहान पुड्याएवढी. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून त्यांनी कान दिला आणि म्हणाले, "बेन, लॅपटॉप गयो. डिस्क जीवे छे." जीवे छे! माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. त्यांना वाटलं मजुरी जास्त सांगितली. त्यांनी न मागता ती कमी केली. (इतक्या वर्षांत सुरतेत मला जमलेली ही एकुलती एक घासाघीस.)

केसिंग मात्र मी सगळ्यात स्वस्त मागितली आणि तिथे चुकले. घरी येईपर्यंत तिचं झाकण दोनदा निसटलं. ते बघून उषाबाई साडीच्या स्टोनचा गम घेऊन आल्या आणि मी नको म्हणेपर्यंत चारी बाजूंनी झाकण चिकटवून टाकलं. हाताला वळणच तसं, त्यामुळे गम लावला तशी कडेने गुलाबी स्टोनची रांगही लावली. आता तुमच्या भावाचा आवाज एखाद्या शालूच्या पदरासारखा चमकतो आहे. पण गम वायरीच्या खाचेत गेला असेल तर? पुन्हा उघडायची वेळ आली तर फोडावी लागेल, आणि फोडताना आतली डिस्क दुखावली तर? रात्री दोनदा उठून मी ती पदराने पुसते. सल्ला द्या. हिच्यावर भरवसा ठेवू की दुकानातून, पक्क्या बिलाची नवी घेऊ?

तब्येतीला जपा. बिबड्यांच्या पापडांची ज्वारी यंदा तुम्ही दळायला नेऊ नका, कोणाकडून तरी पाठवा.

तुमची,
नूतन

ता. क. सल्ला देऊ नका. डिस्क चालते. शनिवारीच उषाबाईंच्या मुलीच्या कॉम्प्युटरला लावून बघितली. खाचेत काही गेलेलं नाही. सगळं आहे. पोरीने तिथेच एक प्रतही करून ठेवली. हे वर लिहिलं असतं तर पुढचंही लिहावं लागलं असतं, म्हणून मी इतकी पानं भरली.

ता. क. दुसरा. पहिलाच व्हिडिओ उघडला तर त्यात तुमचं अंगण होतं. तुम्ही उन्हात पाठमोऱ्या बसून बिबडे थापत होतात. ह्यांनी मागून श्वास घेतला, बोलायच्या आधी घ्यायचे तसा. तेवढ्यावर मी बंद केला. पोरीला म्हणाले, चष्मा विसरले. आक्का, येत्या रविवारच्या गाडीने या. स्टेशनवर मी येते, सोबत काही आणू नका. त्या व्हिडिओत हे तुम्हालाच हाक मारणार आहेत. मी एकटीने ऐकली तर ओ कोण देणार?