ओळखपरेडीतला पाचवा माणूस

६ फेब्रु. १९७४
चिंचवडला भरदुपारी मंगळसूत्र ओढून नेलं. कारकुनाची बायको, मागच्या दारी धुणं वाळत घालत होती. 'उंच, काळा' एवढंच सांगते. फौजदारसाहेबांनी विचारलं, कोण असेल? माझ्याच तोंडून निघालं, पारध्यांच्या पालावर बघू या. बारा वर्षांच्या नोकरीत अंगात भिनलंय.

७ फेब्रु.
पालावरून नारूला आणला. मीच. म्हणतो, त्या दुपारी चाकणच्या बाजारात कांद्याची पोती उचलत होतो. मुकादमाला विचारू का म्हटलं, तर हवालदार मोरे हसले. सगळे असंच सांगतात म्हणे.

मोरे माणूस वाईट नाही. माझी बायको सु. बाळंत झाली तेव्हा रोज सायकलवरून दवाखान्यात डबा देत होते. ते याला जात बघणं म्हणत नाहीत, अनुभव म्हणतात. कालपर्यंत मीही तेच म्हणायचो. आणि गावात चोरी झाली की पहिली झडती आमच्या महारवाड्यात व्हायची, हे आज्यानं मला कितीदा सांगितलेलं.

११ फेब्रु.
ओळखपरेड. सहा माणसं हवी होती, पाचच जमली. साहेब म्हणाले, कांबळे, ड्रेस उतरव आणि उभा राहा, उंची जुळते. मोरे म्हणाले, रंगपण. नारू तिसरा, मी पाचवा.

बाई रांगेवरून एकदा गेल्या, परत आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सगळी चौकी हसली. मीही हसलो. साहेब म्हणाले, अहो, तो आमचा शिपाई. बाई ओशाळल्या. मला रांगेतून काढलं. दुसऱ्यांदा त्यांनी नारूवर हात ठेवला.

कागदावर परेड एकच. तो कागद मीच लिहिला, अक्षर चांगलं म्हणून.

१२ फेब्रु.
सु.ला सगळं सांगितलं. एवढंच म्हणाली, "तुम्ही हसलात कशाला?"

३ मार्च
नारूची बायको चौकीच्या फाटकाशी बसलेली. मला बघून उठली. "मालक म्हनतो, बाईनं आदी तुमालाच धरलं. व्हय?"

हो म्हणालो.

"मग तुमाला कसं सोडलं, सायेब?"

भांडायला आली नव्हती. मी सुटायला काय केलं ते विचारत होती, नवऱ्याला तसंच करायला सांगायचं म्हणून. सायकल घेऊन तसाच निघून आलो.

९ सप्टें.
उद्या माझी साक्ष. सात महिने नारू आतच आहे. मोरे म्हणाले, विचारतील तेवढंच बोल, पोरंबाळं आहेत तुला. जबाब दोनदा वाचला. लिहिलंय ते सगळं झालेलं आहे, फक्त पहिली वेळ त्यात नाही. नारूला वकील नाही, म्हणजे मला कोणी विचारणारही नाही. न विचारता आपणहून सांगायचं, तर उभं राहून सुरुवात कुठून करायची... पारध्यांच्या पालावर बघू या, असं मीच म्हणालो, तिथून, की रांगेत मी हसलो, तिथून.