डावा बॅक मागे येत नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी दहा.

सगळ्यांत आधी आली ती खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई. तिला कुठून कळलं देव जाणे, शनिवारी प्लास्टर अजून ओलं होतं तर ही दारात. मग तिची जाऊ. मग किराणावाला, तो बिचारा तीन जिने चढून आला आणि उंबऱ्यातच बसला, त्यालाच पाणी द्यावं लागलं. पाय माझा मोडला आणि धाप त्याला लागली. शिंपीण म्हणाली, आजी, बाथरूममध्ये घसरलात ना? म्हटलं, घसरायला मी काय म्हातारी आहे? गॅलरीत स्टुलावर चढले होते. कॉर्नर होता आपल्याला, कठड्यामुळे नीट दिसेना. आणि एवढं करून गोल झालाच नाही.

सहा आठवडे पाय टेकायचा नाही. लिफ्ट महिनाभर बंद, कुठलासा भाग यायचाय. चिरंजीव डोक्याला हात लावून बसले. मी मात्र खूश. सूनबाईनं खुर्ची गॅलरीत मांडून दिलीय, समोर खाली आपल्या फुटबॉल क्लबचं अख्खं मैदान. गज मध्ये येतात, चौदा आहेत, पण मान जरा इकडे-तिकडे केली की दोन्ही गोल दिसतात. असं बसून बघायला लोक तिकिटं काढतात. चिरंजीव म्हणाले, आई, तू अडकून पडलीयस आणि हसतेस काय?

ही वही औषधवाल्यानं फुकट दिली. रोज लिहायचं ठरवलंय. सुनेला दिवसाला पाचच हाका मारायच्या हेही ठरवलंय. आजच्या झाल्या अकरा, पण आज पहिलाच दिवस.

६ मार्च, गुरुवार.

आपण का हरतो ते मला सापडलं. वरून बघितलं की सगळं उघडं पडतं, कोचला खाली उभं राहून काय दिसणार, माणसांचे गुडघे. आपला डावा बॅक, ज्याला मी हरीण म्हणते, तो पुढे धावत जातो छान, पण मागे येतच नाही. तिथे एवढं मोठं भगदाड पडतं की लग्नाचा मांडव घालावा. मग समोरचे त्यातनं आरामात येतात. मागे तीन ठेवा, नाहीतर हरणाला बांधा, दोनच उपाय.

सुनेला समजावून सांगायला ताटात गोळ्या मांडल्या. पांढऱ्या कॅल्शियमच्या आपल्या, पिवळ्या त्यांच्या. ती म्हणाली, आई, अकरा पांढऱ्या होत्या, आता दहाच आहेत. बोलता बोलता आमचा सेंटर फॉरवर्ड मी पाण्याबरोबर घेतला होता. म्हटलं, असू दे, तो तसाही काही कामाचा नाही.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी सहा.

शून्य दोन. दोन्ही गोल डावीकडून. मी सांगत नव्हते?

आज ह्यांचा क्लबचा मफलर काढला कपाटातून. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली, मफलरला अजून तंबाखूचा वास येतो. हरीण पुढे गेला रे गेला की मी तो दोन्ही हातांत धरून डोक्यावर उचलायचा, म्हणजे त्यानं समजायचं, मागे ये. चौदा वेळा उचलला. त्यानं बघितलं नाही. पण सवय लागेल हळूहळू.

११ मार्च, मंगळवार. दुपार.

शिंपीणबाई बातमी घेऊन आली. सिमेंटवाला आपला क्लब विकत घेणार म्हणे. मी म्हटलं, विकत घ्यायला तो काय कोणाच्या एकट्याचा आहे? आपला क्लब सभासदांचा. ज्याच्या नावावर पुस्तिका त्याचं एक मत, मग तो डॉक्टर असो की मैदानाला पाणी मारणारा. ह्यांचा नंबर सतरा होता, त्यांच्या मागे माझ्या नावावर झाला. म्हणजे मीही मालकीणच की. शिंपीण म्हणाली, मालकीणबाई, सिमेंटवाला परदेशी कोच आणणार आहे, स्टँडवर छप्पर घालणार आहे. म्हटलं, आणि टीम नेणार कुठे ते नाही सांगितलं तुला? गावाबाहेर हायवेला, नव्या स्टेडियमात. आणि इथे मैदानावर उभ्या करणार इमारती. सिमेंटवाला गवत लावायला येतोय असं वाटलं का तुला?

खाली बघितलं तर मैदानवाला पांढऱ्या रेघा मारत होता. एवढ्या सरळ मारतो! माझ्या डोळ्यांसमोर त्या जागी चौदा मजले उभे राहिले. मग मी इथे बसून काय बघायचं, कोणाची मोरी?

२३ तारखेला सभा. रविवारी सकाळी, मैदानावरच. मी जाणार. कोणी उचलून नेवो नाहीतर लोळत नेवो.

१५ मार्च, शनिवार.

एक एक. बरोबरी! आणि मुख्य म्हणजे हरणानं वर बघितलं. दुसऱ्या हाफमध्ये दोन वेळा, थेट माझ्याकडे, कपाळावर हात धरून. सून म्हणते, तो उन्हाकडे बघत होता. सुनेला फुटबॉल कळत नाही. स्वयंपाक चांगला करते, ते आहेच.

१७ मार्च, सोमवार.

आज कोण आलं असेल? खुद्द कोच! तीन जिने चढून. मला म्हणाला, आजीबाई, एक विनंती होती. म्हटलं, बसा, विचारा काय विचारायचं ते, मी गोळ्या मांडते. तो म्हणाला, विचारायचं असं नाही, पण ते मफलर हलवणं जरा... लाइन्समननं तक्रार केलीय, त्याच्या झेंड्याशी घोळ होतो, पोरं मध्येच थांबतात.

थांबतात! म्हणजे बघतात! मी त्याला तीन बॅकचं सगळं नीट समजावून सांगितलं. तो हो हो म्हणत होता, सारखा जिन्याकडे बघत होता, विचार करत असणार. जाता जाता सुनेशी दारात काहीतरी बोलला. ती आत येऊन म्हणाली, आई, हात जोडून सांगून गेलेत, मॅचमध्ये मफलर उचलू नका. मी म्हटलं, अगं, मोठी माणसं उघड कबूल करत नाहीत.

तरी शब्द दिलाय सुनेला. मफलर आता फक्त थंडीसाठी.

२२ मार्च, शनिवार. दुपारी.

उद्याच्या सभेची रंगीत तालीम करायची ठरली. चिरंजीवांनी आणि किराणावाल्यानं मला खुर्चीसकट उचललं. पहिला जिना झकास उतरला. मी वरून हाका मारत होते, डावीकडून घ्या, डावीकडून. दुसऱ्या वळणावर खुर्चीचे मागचे पाय कठड्यात आणि माझा प्लास्टरचा पाय समोरच्या भिंतीला. ना वर, ना खाली. किराणावाल्याची कंबर धरली, तो पायरीवरच बसला. पाऊण तास मी जिन्यात. शिंपीणबाईला वर जायचं होतं, ती खुर्चीच्या खालून वाकून गेली आणि म्हणाली, आजी, ही तुमची तीन बॅकची पद्धत का? मलाही हसू येत होतं. नंतर नाही आलं. नंतर त्या भिंतीवरचा ओल आलेला ठिपका तेवढा बघत बसले.

शेवटी सुतार बोलावून खुर्चीचा एक पाय कापला, मग सुटले. वर आणून ठेवलं. आता खुर्ची डुगडुगते.

मॅचला वेळेत पोचले, शून्य एक. डावीकडून. मफलर उचलला नाही हो, शब्द म्हणजे शब्द. दोनदाच.

संध्याकाळी पाच.

क्लबचे सेक्रेटरी येऊन गेले. भला माणूस. त्यांनी दोन्ही बाजूंच्या लोकांना विचारून माझी सोय केली. म्हणाले, आजी, तुम्ही गॅलरीतूनच मत द्या, आम्हाला खालून स्वच्छ दिसतं. रीत तर तुम्हाला ठाऊकच आहे. मला ठाऊक नसायला काय झालं, सेक्रेटरी जन्मायच्या आधीपासूनची रीत ती. ज्याला ठराव मान्य त्यानं मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा, ज्याला अमान्य त्यानं गळ्यातच ठेवायचा. ठराव विकण्याचा आहे. म्हणजे मला काहीच करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. सेक्रेटरी म्हणाले, काट्याची टक्कर आहे आजी, एकेक माणूस मोजून ठेवलाय, तुमच्यावर भिस्त आहे.

सून म्हणाली, आई, उद्या मफलर मी कपाटात ठेवू का? मला रागच आला. म्हटलं, गळ्यात नसला तर मी सभासद कशी दिसणार? आणि बसून राहण्यात माझा हात धरणारं कोणी आहे का? तीन आठवडे दुसरं काय करतेय मी?

२३ मार्च, रविवार. सकाळी पावणेबारा.

आनंदानं अक्षर वाकडं येतंय.

खाली सगळा क्लब जमला होता. सिमेंटवाला स्वतः आला होता, पांढरे बूट घालून, गवतावर. भाषणं झाली, ऐकू काहीच आलं नाही. कोचनं सराव काही थांबवला नव्हता, पलीकडच्या गोलपाशी पोरं खेळत होती. इकडे सेक्रेटरी मोजायला लागले. मी अगदी दगडासारखी. एवढ्यात तिकडे हरीण सुटला पुढे, आणि मागे ते भगदाड, आणि समोरच्यांतला एक पोरगा त्यात शिरतोय! मी ओरडले, पण तिसऱ्या मजल्यावरून काय ऐकू जातं? उठून उभी राहिले एका पायावर, डुगडुगत्या खुर्चीला धरून, आणि दोन्ही हातांनी जो मफलर उचलला!

आणि तो मागे आला. मागे आला! पहिल्यांदा! चेंडू काढून घेतला पोरानं, स्वच्छ.

सेक्रेटरीसुद्धा मोजणं सोडून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोनदा अंगठा वर करून विचारल्यासारखं केलं. म्हणजे त्यांनाही पटलं, इतक्या वर्षांनी कोणाला तरी पटलं. मीही मफलर तसाच ठेवून जोरजोरात मान हलवली.

सून निकाल ऐकायला खाली गेलीय. माझ्याकडे बघितलं आणि चपला उलट्या घालून गेली.

साडेबारा.

सून आली. एकसष्ट विरुद्ध साठ. विकला.

मोजायला चुकले असणार.

२४ मार्च, सोमवार.

कोणीतरी फितूर झालं. मी सकाळपासून एकेक माणूस आठवतेय. शिंपीणबाईचा नवरा असेल, छपराचं ऐकून पाघळला असेल. ती आली तर तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, आजी, त्यानं तर मफलर आणलाच नव्हता, आणि पदर तोंडाला लावून खाली गेली. आता हसायला काय झालं तिला? की हसत नव्हती?

दुपारी सेक्रेटरी आले. चहा ठेवला, पण घेतला नाही. पुन्हा मोजा म्हटलं, तर म्हणाले, सही झाली आजी, दोन्हीकडच्या साक्षीदारांची. मी विचारलं, कोण फुटलं ते तरी सांगा. ते फरशीकडे बघत राहिले. जाऊ द्या आजी, म्हणाले, पायाला जपा. किती मोठ्या मनाचा माणूस, नाव घेत नाही कोणाचं.

सून आज पाचपैकी एकाही हाकेला रागावली नाही. जास्तच मऊ बोलतेय. मला बरं वाटत नाहीये असं तिला वाटत असेल.

२७ मार्च, गुरुवार. दुपारी चार.

आज पाहुणे आले होते. सिमेंटवाल्याच्या कचेरीतली फाईलवाली बाई आणि एक टेपवाला. बाई गोड होती. आत आल्या आल्या माझ्या पाया पडली. म्हणाली, आजी, साहेबांनी मुद्दाम आभार सांगितलेत. म्हटलं, कसले आभार? तिनं फाईल उघडून मतांची यादी दाखवली, नंबराप्रमाणे होती. पंधरा नाही. सोळा नाही. सतरा, हो. पुढे कंसात लिहिलं होतं, गॅलरीतून, दोनदा विचारून खात्री केली.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सून मागे उभी होती. मी म्हटलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, आई, सगळ्यांनाच माहीत होतं. कोण सांगणार तुम्हाला?

बाईला वाटलं मी आनंदानं गप्प झाले. टेपवाला गॅलरीत गेला, माझी खुर्ची बाजूला सरकवून मापं घेतली, या गजापासून त्या गजापर्यंत, खालपासून वरपर्यंत. धूळ फार उडेल, म्हणाला, आणि आवाज, म्हणून या बाजूच्या सगळ्या गॅलऱ्यांना बाहेरून पत्रे लावून देणार, क्लबतर्फे, तुम्हाला पैसे पडणार नाहीत. मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, तीन वर्षं, साडेतीन. मग म्हटलं, एखादं भोक ठेवाल का मधे, एवढुसं? त्यानं बाईकडे बघितलं. बाईनं लिहून घेतलं.

खाली पोरं गोलचे खांब उपटत होती. हरीणही होता, एकटाच एक खांब ओढत.

चहा घेतला त्यांनी, दोन दोन कप. पत्रे घेऊन सोमवारी येतो म्हणाले, सकाळी दहाला.