सदाचे इंजिन सुटते, माझे अडते

रवि. १४ नोव्हें. ९९, सांगली
वाफेची गाडी सुटताना इंजिन कधी कधी आधी किंचित मागे सरते आणि मगच पुढे निघते, हे त्या गाड्यांतून हिंडलेल्या पुष्कळांनी पाहिले असेल. जायचे पुढे, मग मागे का? संगणकावरच्या आगगाडीच्या खेळात मी स्वतः बांधून घातलेले इंजिन तर मागेही सरत नाही. कधी सुटते, कधी वाफ पूर्ण उघडूनही ढिम्म. कारण अज्ञात.
सदाने त्याच खेळात बांधलेले दर वेळी सुटते. तो तीन घरे पलीकडे, बँकेत कारकून. यंत्रशास्त्र शिकवतो मी.
माझ्या वडिलांचा, अण्णांचा, जन्म वाफेचे इंजिन चालवण्यात गेला. आदर्कीच्या घाटाचा चढ चढणारे त्यांचे इंजिन मी खेळात बांधले ते त्यांनी पुन्हा चालवावे म्हणून. अण्णा आजही सदाकडे.

मंगळ. १६
पद्धतशीर तपास. एका वेळी एकच आकडा बदलणे. बॉयलरचा दाब वाढवला : फरक नाही. डबे सोडून इंजिन एकटे : फरक नाही. म्हणजे जोर कमी पडत नाही, तो चाकापर्यंत पोचतच नाही.
सदाच्या खिडकीतून अण्णा : "आरं सद्या, वाफ आवळ की. चाकं घसराय लागल्यात." मग दोघांचे हसणे. आमच्या घरात हे हसू...

रवि. २१
सदाने मुद्दाम बोलावले. "या प्राध्यापक. तुजं अजून फलाटावरच हाय म्हनं?" गेलो. रंग सुरेख, शिट्टी उत्तम, मान्य. मग डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली. चाके फिरवणारे दोन्हीकडचे दांडे एकाच वेळी खाली, एकाच वेळी वर. साफ चूक. खऱ्या इंजिनात एक बाजू दुसरीच्या पाव फेरा पुढे असते; एकीचा दांडा टोकाला येऊन जोर शून्य होतो तेव्हा दुसरी ओढते. सदाने एक बाजू काढून तीच आरशासारखी उलटवली आहे. चालते कारण आतली शक्ती खेळातल्या तयार इंजिनाची. याचे फक्त चित्र.
इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. तिथे बोललो नाही. परतताना अण्णांना सविस्तर समजावले.
"म्हाईत हाय."
"मग त्याला सांगत का नाही?"
"सांगीन कवातरी. त्यो इचारतो रं. तू सांगतोस."


बुध. २४
दोन दिवस संगणक उघडला नव्हता. आज माझ्या इंजिनाचे आकडे पुन्हा वाचले. डावा दांडा : शून्य अंश. उजवा : शून्य अंश. मीही बाजू उलटवूनच घेतली होती! जोर मात्र प्रामाणिकपणे दांड्यांवरून मोजलेला. म्हणून दोन्ही दांडे टोकाला आले की माझे अडते. सदाचे काहीच मोजत नाही, म्हणून धावते. हे फार लागले.
उजवीला नव्वद अंश, म्हणजे पाव फेरा, दिले. कुठेही थांबवा, सुटते.
मागे सरण्याचेही उत्तर मिळाले. एक बाजू टोकाला असली की ओढणारी एकटी दुसरी. भार जड असेल तर ती पुरत नाही. मागे सरून ती जागा टाळायची. शिवाय डब्यांच्या साखळ्या सैल होऊन डबे एकेक करून सुटतात, ते वेगळे.
पलीकडून शिट्टी ऐकू येत होती. खिडकी लावून घेतली.

रवि. २८
अण्णांना म्हटले, सुटले इंजिन. "ब्येस झालं." चपला शोधू लागले. नव्वद अंशांचे सांगायला तोंड उघडले आणि मिटले. विचारले, "आदर्कीच्या चढावर गाडी अडली तर तुम्ही काय करायचात?"
एक चप्पल पायात, एक हातात. माझ्याकडे पाहिले.
"लय हाय त्येचं. आल्यावर सांगतो. सद्या वाट बघत आसंल."
गेले. अजून आलेले नाहीत.
दरम्यान हिच्या शिलाई मशीनवर प्रयोग केला, कोणीही करावा. पायाने चालणारे मशीन. पायापासून चाकाकडे जाणारा दांडा अगदी वर, टोकाला असताना थांबवावे, चाकाला हात न लावता पाय दाबावा. कितीही दाबा, चाक हलत नाही. मग चाक बोटाने किंचित ढकलून पुन्हा दाबावे. ज्या बाजूला ढकलले, त्या बाजूला निघते.